पोपटाची मिरची, पिल्लाचे दूध, कबुतराचे दाणे

पक्ष्याला घास घालणे ही मराठी घरांची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे परळ भरून ठेवले जाते, कोकणात दाराला बांधलेल्या भाताच्या लोंब्यांवर चिमण्या येऊन लोंबकळतात, पितृपक्षात कावळ्यासाठी वेगळे पान वाढले जाते. रीत चांगलीच आहे. घोळ होतो तो घासात काय असावे हे ठरवताना, कारण तो निर्णय पक्ष्याची चोच आणि आतडे पाहून क्वचितच घेतला जातो. माणसाला जे पौष्टिक ते पक्ष्यालाही पौष्टिक, आणि तो आवडीने खातो म्हणजे त्याला ते मानवते, या दोन गृहीतकांवर बहुतेक समजुती उभ्या आहेत. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र पक्ष्याच्या जिवावर बेततात.

मिरची खाल्ल्याने पोपटाची जीभ सैल होते आणि तो लवकर बोलू लागतो.

या समजुतीचा अर्धा भाग डोळ्यांसमोर घडतो, म्हणून ती सहज पटते. ज्या मिरचीने माणसाच्या नाकातोंडातून पाणी येते ती हा पक्षी कचाकचा फोडतो, बियांसकट खातो आणि दुसरीसाठी मान पुढे करतो. त्याच्या शरीरात काहीतरी वेगळे आहे हा तर्क बरोबरच आहे. मिरचीतला कॅप्सायसिन हा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरील एका ग्राहकाला जाऊन चिकटतो; उष्णतेचा चटका मेंदूला कळवणारा हाच ग्राहक. त्यामुळे तिखट म्हणजे आपल्याला आग वाटते. पक्ष्यांमध्येही हा ग्राहक असतो, पण त्याची घडण थोडी निराळी असल्याने कॅप्सायसिनला तो दाद देत नाही. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली कोंबडीच्या ग्राहकावर काम करून हे दाखवले. याच ग्राहकाच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अर्थात मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली त्याच्या कितीतरी आधीपासून इथले पोपट इथे होते. मिरचीशी त्यांचे पिढीजात नाते काहीच नाही; त्यांना ती लागत नाही, एवढेच.

राहिला बोलण्याचा भाग. पक्ष्याचा आवाज जिभेतून निघत नाही. छातीत खोलवर, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे त्याचे स्वरयंत्र असते. खाल्लेला घास अन्ननलिकेतून जातो, स्वरयंत्राला तो शिवतही नाही. पोपट बोलतो ते कळपात राहण्याच्या वृत्तीमुळे: सोबत्यांचे आवाज उचलणे हा त्याच्या समाजाचा नियम, आणि पिंजऱ्यात सोबती म्हणून त्याला माणसेच मिळतात.

मग मिरची द्यावी की नाही? जरूर द्यावी. पिंजऱ्यातल्या पोपटाची नेहमीची वाटी म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि मिरची. यात खरी उणीव असते अ जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची. अ जीवनसत्त्व कमी पडले की तोंडाच्या आणि श्वासमार्गाच्या आतले मऊ अस्तर जाड व कोरडे होत जाते. नाक वाहते, श्वासाला घरघर लागते, आणि घरातले लोक त्याला ‘सर्दी’ म्हणतात. या दृष्टीने त्या वाटीतली सर्वांत उपयोगी वस्तू पिकलेली लाल मिरचीच ठरते. तिच्या जोडीला गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आला तर वाटी बरीच सुधारते. पेरूच्या क जीवनसत्त्वाचे कौतुक मात्र इथे गैरलागू आहे, कारण पोपट ते स्वतःच्या शरीरात तयार करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडचा हिरवा पोपट, ज्याला घरोघरी राघू म्हणतात, तो पाळीव पक्षी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. ज्यांच्याकडे तो वर्षानुवर्षे आहे त्यांनी तो खिडकीतून उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर खाणे शोधता येत नाही. वन विभागाला कळवणे हाच मार्ग. हा मजकूर त्या पक्ष्याला आहे तोवर नीट खाऊ घालण्यासाठी आहे, नवा आणण्यासाठी नव्हे.

बजरीगार दाणे खाणारा पक्षी आहे. राळे आणि बाजरी मिळाली की त्याला दुसरे काही लागत नाही.

महाराष्ट्रात ‘लव्हबर्ड’ म्हणून जोडीने विकले जाणारे छोटे हिरवे-निळे पक्षी बहुतेक वेळा बजरीगारच असतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे, आणि तिथे ते खरोखर गवताच्या बियांवर जगतात. त्यामुळे वाटीभर राळे ठेवले की निसर्गाप्रमाणे झाले असे वाटणे स्वाभाविक आहे. पण माळावरच्या बिया आणि दुकानातले पुडीतले दाणे यांत फरक मोठा आहे. रानात पक्षी अनेक जातींच्या गवतांच्या बिया खातो. त्यांतल्या कितीतरी अर्ध्या पिकलेल्या, दुधाळ असतात. बियांबरोबर कोवळा पालाही पोटात जातो, आणि चारा-पाण्यासाठी मैलोन्मैल उडणे होते. पुडीतला दाणा पूर्ण वाळलेला, महिनोन्महिने साठवलेला, एक-दोन जातींचाच असतो, आणि खाणारा दिवसभर दीड फुटांच्या पिंजऱ्यात बसून असतो.

नुसत्या सुक्या दाण्यांवर ठेवलेल्या बजरीगारात ठरावीक विकार दिसतात. अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे वर आलेच. आयोडीन कमी पडल्याने गलग्रंथी वाढते. ती आतून श्वासनळीवर आणि खाद्यपिशवीवर दाबते, मग श्वास घेताना टिकटिक आवाज येतो, खाल्लेले दाणे बाहेर पडतात. पक्षी ‘दमेकरी’ झाला असे समजले जाते आणि दोष पंख्याला दिला जातो. सूर्यफुलाच्या बियांची भर पडली तर यकृतात चरबी साठते. राळ्यात स्निग्धांश शंभर ग्रॅमला चार-पाच ग्रॅम. सूर्यफुलाच्या गरात निम्मे वजन तेलाचेच. सूर्यफूल हा हातावर ठेवून देण्याचा खाऊ आहे, रोजचे जेवण नव्हे.

उपाय महागडा नाही. दाणे असावेत, पण रोज त्यांच्या जोडीला काहीतरी ओले, हिरवे किंवा केशरी असावे: राजगिऱ्याची किंवा मेथीची पाने, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, ढोबळी मिरची. मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम, मात्र दमट हवेत ती दोन-तीन तासांत आंबते. सकाळी ठेवलेली वाटी दुपारपर्यंत राहू देऊ नये. पालेभाजीवरची फवारणी लक्षात घेऊन ती भरपूर पाण्यात धुवावी. राळ्याचे अख्खे कणीस मिळाले तर ते टांगावे. दाणा वेचण्यासाठी पक्ष्याला खटपट करावी लागते आणि ती त्याला हवी असते. बदल हळूहळू करावा. ज्या पक्ष्याने जन्मात पान पाहिलेले नाही तो पानाला अन्न मानत नाही, आणि दाणे एकदम काढून घेतले तर भरल्या वाटीशेजारी उपाशी बसतो.

वाटीवरून आठवण: बजरीगार दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो. वरून वाटी काठोकाठ भरलेली दिसते, आत निव्वळ फोलपटे असतात. घरचे लोक दोन दिवस बाहेरगावी गेले आणि ‘भरपूर दाणे होते तरी’ पक्षी मेला, अशा हकिगतींमागे बरेचदा हेच असते. रोज फुंकर मारून फोलपटे उडवावीत, मग दाणे किती उरले ते पाहावे.

पक्ष्याला काय खावे ते उपजत कळते. समोर सगळे ठेवावे, तो हवे ते निवडतो.

रानातल्या पक्ष्याबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणूनच समजूत टिकून आहे. पण तिथे निवड टंचाईत होते. तेलकट, गोड, भरपूर ऊर्जा देणारे खाणे रानात क्वचित सापडते; ते दिसताच झडप घालणारे जगले आणि ती ओढ पुढच्या पिढ्यांत उतरली. पिंजऱ्यात टंचाई संपते, ओढ तशीच राहते. सूर्यफूल, शेंगदाणे, राळे आणि पालक एकत्र ठेवले तर पक्षी आधी सूर्यफूल संपवतो, मग शेंगदाणे, आणि पालक वाळून जातो. याला निवड म्हणता येईल, शहाणपण म्हणता येणार नाही. काय आणि किती हे ठरवण्याची जबाबदारी पिंजऱ्याचे दार ज्याच्या हातात आहे त्याची.

चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या एवढ्याशा तुकड्याने काय होणार?

बजरीगाराचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम असते. एक ग्रॅमचा तुकडा वजनाच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाने दीड किलोहून जास्त बिस्किटे खाण्यासारखा आहे. ‘एवढेसे’ हे माप माणसाच्या हाताचे आहे. साखर आणि मैदा एक वेळ पोट भरून टाकण्यापुरते नुकसान करतील. मीठ, चहा-कॉफीतले कॅफीन आणि चॉकलेटमधले थिओब्रोमिन यांचा मात्र थेट हृदयावर व मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पक्षी खांद्यावर बसून बशीत चोच घालतो ते दृश्य गोड दिसते, आणि घरातल्यांना त्यात प्रेम दिसते; ते असतेही. तरी बशी दूर ठेवावी.

‘फळ आहे, म्हणजे चालेल’ हाही याच घरातला समज. अलीकडे शहरांतल्या स्वयंपाकघरांत पोहोचलेले अ‍ॅव्होकाडो पक्ष्यांसाठी विष आहे. त्यातल्या पर्सिन या घटकाने बजरीगार आणि कॅनरीसारखे छोटे पक्षी हृदय निकामी होऊन दगावतात. सफरचंदाचा गर द्यावा, बिया काढून. पपई, डाळिंब, पेरू, चिक्कूचा गर हे खुशाल द्यावे, थोडेसे, आणि उरलेले लगेच उचलावे.

वाळू खाल्ल्याशिवाय पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणे पचत नाहीत.

कोंबडी आणि कबुतर दाणा सालासकट गिळतात; पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या भागात, तो भरडायला त्यांना खडे लागतात. परसातली कोंबडी खडे टिपताना सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून नियम सर्वांना लावला जातो. बजरीगार, कॉकाटील, पोपट साल काढून खातात. त्यांना वाळूची गरज नसते, आणि आजारी पक्ष्याने वाळू जास्त खाल्ली तर आतडे तुंबते. कॅल्शियमसाठी जे द्यायचे ते वेगळे: समुद्रफेस, म्हणजे माकळीच्या जातीच्या प्राण्याचे पाठीतले पांढरे कवच. ते पोटात विरघळते. किनाऱ्यावर सापडलेले असेल तर काही दिवस पाणी बदलत भिजत घालून, उकळून, कडक वाळवून मगच पिंजऱ्याला बांधावे.

लग्नातल्या अक्षता खाल्ल्या की तांदूळ पोटात फुगतो आणि पक्षी फुटून मरतात.

कुकरमध्ये तांदूळ तिप्पट होताना रोज दिसतो, त्यामुळे हा निरोप मोबाइलवर आला की खरा वाटतो. अमेरिकेत ही अफवा लग्नांतल्या तांदळाबद्दल अनेक वर्षे फिरत राहिली. केंटकी विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जेम्स क्रूपा यांनी विद्यार्थ्यांसह तिची परीक्षा घेतली आणि २००५ साली निष्कर्ष मांडले: पाण्यात भिजवल्यावर साधा पांढरा तांदूळ पक्ष्यांसाठी विकल्या जाणाऱ्या दाण्यांपेक्षा कमी फुगतो. भात शिजायला उकळते पाणी लागते. पक्ष्याचे अंग चाळीस-बेचाळीस अंशांचे. शिवाय दाणा फुगायच्या आत पेषणी त्याचे पीठ करते. आणि एवढ्या लांब जायचे तरी कशाला? भातशेतात मुनिया, सुगरणी आणि चिमण्या कच्च्या भातावर ताव मारताना कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याने पाहिलेल्या असतात. पक्षी तांदळाने मरत असते तर पाखरे हाकायला माणूस बसवावा लागला नसता. अक्षतांची काळजी करायचीच असेल तर रंगाची करावी. हळद चालेल, बाजारू रासायनिक कुंकवात आणि रंगात घोळलेले तांदूळ पक्ष्यांपुढे टाकू नयेत.

घरट्यातून पडलेल्या पिल्लाला दूध-पोळी किंवा दूध-पाव भरवावा.

या यादीतली सर्वांत घातक समजूत हीच, आणि तिच्यामागचा भाव सर्वांत निर्मळ. लहान बाळ म्हटले की दूध, हे समीकरण इतके पक्के आहे की त्याला पक्ष्याचे पिल्लू अपवाद असेल हे सुचतच नाही. पण दूध ही सस्तन प्राण्यांची सोय आहे. दुधातली साखर पचवणारे विकर पक्ष्याच्या पिल्लाकडे नसते. ते दूध आतड्यात आंबते आणि जुलाब होऊन, अंगातले पाणी जाऊन पिल्लू मरते. ‘कबुतर पिल्लाला दूध पाजते’ हे पुष्कळांनी वाचलेले असते, तेही इथे आड येते. कबुतराचे ‘दूध’ म्हणजे गळ्यातल्या खाद्यपिशवीच्या अस्तरातून सुटणारा, प्रथिने आणि चरबीने भरलेला दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ. गाईच्या दुधातली साखर त्यात नसते.

कापसाने किंवा ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणे त्याहून धोक्याचे. पिल्लाच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचे तोंड उघडे असते. वरून सोडलेला थेंब थेट फुप्फुसात जातो आणि पिल्लू हातातल्या हातात गुदमरते, किंवा एक-दोन दिवसांनी न्यूमोनियाने जाते. घरट्यातल्या पिल्लाला पाणी वेगळे लागत नाही. अळ्या, किडे, फळांचा गर यांतून ते मिळते.

मुळात पहिला प्रश्न ‘काय भरवू’ हा नसतो, ‘हे पिल्लू खरोखर अनाथ आहे का’ हा असतो. बुलबुल, साळुंकी, चिमणी यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. पिसे आलेले, शेपूट आखूड, झुडपाखाली उड्या मारणारे पिल्लू हरवलेले नसते. आईबाप जवळच कुठेतरी चोचीत अळी घेऊन माणसे हलण्याची वाट बघत असतात. ‘हात लागला की आई टाकून देते’ ही समजूतही याच प्रसंगातून आली आहे. माणसे घोळका करून उभी राहतात, आई येत नाही, आणि दोष माणसाच्या वासाला दिला जातो. पक्षी वासावरून पिल्लू नाकारत नाहीत. मांजरापासून दूर, जवळच्या फांदीवर पिल्लू ठेवावे आणि लांब जाऊन पाहावे. उघडेबोडके, पिसे न आलेले पिल्लू सापडले तर शक्य असल्यास घरट्यात परत ठेवावे. घरटे नसेल, पिल्लू जखमी असेल, तर भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ऊबेत, अंधारात ठेवून वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवावे. तोवर काहीही भरवू नये. उपाशी पिल्लू काही तास तग धरते, फुप्फुसात पाणी गेलेले धरत नाही.

गॅलरीत मूठभर दाणे टाकले की चिमण्या परत येतील.

चिमणी दाणे टिपते हे लहानपणच्या गोष्टींपासून मनात बसलेले असते, आणि मोठी चिमणी खरोखरच दाणे टिपते. तिचे पिल्लू टिपत नाही. पहिले काही दिवस त्याला जवळजवळ निव्वळ किडेच लागतात: मावा, अळ्या, छोटे कोळी, नाकतोड्यांची पिल्ले. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरी भागातली चिमण्यांची पिल्ले घरट्यातच उपासमारीने मरताना आढळली, आणि जिथे झाडझाडोरा व मावा कमी तिथे ही मर जास्त होती. लंडनच्या उपनगरांत पुढे घरट्यांजवळ अळ्या पुरवून पाहिल्या. पिल्ले जास्त जगली, तरी चिमण्यांची एकूण वस्ती तेवढ्याने वाढली नाही. याचा अर्थ घास हा प्रश्नाचा एक तुकडा आहे. भिंतीतली भोके, कौलांखालच्या जागा, कुंपणाची झुडपे, फवारणी न झालेली माती हे बाकीचे तुकडे.

चिमणी सगळीकडून नाहीशी होते आहे, हेही तितकेसे बरोबर नाही. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार देशभरातली तिची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मुंबईसारख्या महानगरांत. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, त्यामुळे घरटी आणि दाणे घरोघरी पोहोचले, ही चांगलीच गोष्ट. दाणे द्यावेत: बाजरी, तांदळाची कणी, थोडीच, दिवसात संपेल एवढी. पण दोन कुंड्या फवारणीवाचून राहू द्याव्यात, त्यांतल्या माव्याला रोग न समजता चिमणीच्या बाळाचे जेवण समजावे. दाणे उघड्या कठड्यावर टाकले तर ते कबुतरेच संपवतात. चिमणीच शिरेल एवढ्या फटीचा जाळीचा डबा वापरावा. आणि ताटली, पाण्याचे परळ रोज घासावे. ट्रायकोमोनास नावाचा परजीवी कबुतरांमध्ये जुना आहे. २००५ च्या सुमारास तो ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांत शिरला आणि त्यांची संख्या झपाट्याने खाली आली. एकाच ताटलीत अनेक पक्ष्यांची लाळ मिसळणे हा त्याच्या फैलावाचा सोपा रस्ता.

समुद्रावरचे कुरव थंडीत उपाशी असतात, म्हणून ते लाँचमागे येतात. गाठ्या-चिप्स टाकल्याने त्यांची सोय होते.

गेटवेहून मांडव्याकडे निघालेल्या लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा हातातून खाणे झेलतो, तेव्हा ते भुकेले आहेत असेच वाटते. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी वीण घालून आलेले असतात. एवढा प्रवास त्यांनी फरसाणासाठी केलेला नसतो. खाडीतले मासे, खेकडे, चिखलातले किडे यांच्यासाठी केलेला असतो. लाँचमागे ते येतात कारण तिथे कष्ट कमी आहेत. मिठाने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात असे सांगितले जाते, ते मात्र जसेच्या तसे खरे नाही. कुरवांच्या डोळ्यांवर मिठाच्या ग्रंथी असतात, जादा मीठ खारट थेंबांच्या रूपात नाकपुड्यांतून बाहेर पडते. ही सोय चिमणी, बुलबुल, साळुंकी यांना नाही. त्यांना खारवलेले दाणे खरोखर बाधतात. कुरवांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मैदा, बेसन आणि तळणीचे तेल यांनी पोट भरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या उड्डाणासाठी स्नायू आणि पिसे तयार व्हायची असतात, त्याला लागणारी प्रथिने त्यात पुरेशी नसतात. शिवाय पाकिटे पाण्यात जातात ती जातातच.

कावळा काहीही पचवतो.

बरेच काही पचवतो. पितृपक्षातला वरण-भाताचा, वड्याचा घास त्याला बाधत नाही, आणि त्या घासामागच्या श्रद्धेशी या मजकुराचे काही भांडण नाही. घास केळीच्या पानावर ठेवावा, प्लास्टिकच्या द्रोणात नको. आणि न शिवलेला घास संध्याकाळी उचलावा, नाहीतर रात्री तो उंदरांचा होतो.

दाणे टाकणे बंद केले तर शहरातली कबुतरे उपाशी मरतील.

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा राज्य सरकारने केली, ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या मनात मुख्य भीती हीच होती. ती समजण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी जीवदया म्हणून ज्वारी-मका वाहिला, त्यांना ती थांबवणे म्हणजे हजारो जीवांच्या तोंडचा घास काढणे वाटते.

कबुतराचे शरीर मात्र वेगळा हिशेब सांगते. चिमणीला पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात, म्हणून तिची वीण ऋतूला बांधलेली असते. कबुतर दाण्यापासूनच खाद्यपिशवीतले ते ‘दूध’ बनवते. दाणे बारमाही मिळाले की ते बारमाही अंडी घालू शकते. म्हणजे चौकात ओतलेले पोते आज दिसणाऱ्या कबुतरांच्या पोटात थांबत नाही, पुढच्या महिन्यातली पिल्ले होऊन परत येते. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात कितीतरी पक्ष्यांची घसरण नोंदली आहे, आणि वाढत चाललेल्या मोजक्या जातींत हे पारवे आहेत. दाटीचा त्रास आधी त्यांनाच होतो: परजीवी, पायांत गुंडाळलेले दोरे, जागेसाठी मारामाऱ्या, कोवळ्या पिल्लांची मर. त्यानंतर माणसांना. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांत अ‍ॅलर्जीची सूज येते, ती कायमच्या व्रणांत बदलू शकते, आणि एकदा व्रण झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही.

मग थांबवले तर काय होते, याचे उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने दिले आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, आणि कबुतरे होती तेवढीच राहिली; मेलेल्यांची जागा नवी पिल्ले घेत गेली, कारण खाणे तेवढेच होते. १९८८ पासून जीवशास्त्रज्ञ डॅनिएल हाग-वाकरनागेल यांच्या मार्गदर्शनाखाली वेगळा उपाय सुरू झाला. लोकांना समजावून दाणे कमी करायला सांगितले, खाऊ घालण्याच्या मोजक्या जागा ठरवल्या, देखरेखीखालची खुराडी उभारून त्यांतली अंडी काढली. चार वर्षांत सुमारे वीस हजारांची संख्या दहा हजारांवर आली. रस्त्यांवर मेलेल्या कबुतरांचे खच पडले नाहीत. खाणे कमी झाल्यावर मोठी कबुतरे चाऱ्यासाठी लांब जाऊ लागली आणि अंडी कमी घालू लागली, एवढेच घडले.

बाझेलमध्ये हे जमले ते दाणे टप्प्याटप्प्याने कमी झाल्यामुळे आणि खाऊ घालणारी माणसे त्या कामात सामील झाल्यामुळे. एका रात्रीत ताडपत्री टाकली तर कबुतरे शेजारच्या गल्लीतल्या छज्जांवर जाऊन बसतात, आणि त्यांच्यामागे पोती घेऊन माणसेही तिथे जातात. पोते निम्मे करावे, महिन्याभराने पुन्हा निम्मे; जागा इमारतींपासून, दवाखान्यांपासून आणि शाळांपासून दूर निवडावी; खाली सांडलेले रोज झाडावे, झाडण्याआधी पाणी शिंपडावे, तोंडाला मास्क बांधावा. उरलेल्या पैशांतून जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात एका पिंजऱ्याचा वर्षाचा खर्च सहज निघतो.